मोळीखालचा मणका

दसरा-दिवाळी उरकली की चकलांब्यातून आणि बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या गावागावांतून कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडात जातात. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, आणि ट्रक आला की मध्यरात्र असली तरी तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. हा सगळा भार मानेतल्या सात लहानशा मणक्यांवरून खाली कमरेत उतरतो.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. अख्ख्या कण्यात अशा २३ गाद्या. बाहेर चिवट तंतूंचे तिरपे थर, आत पाणीदार गर. आणि नवल असं, की मोठ्या माणसाच्या गादीच्या गाभ्यात एकही रक्तवाहिनी नसते. मग ती जगते कशावर? वरच्या-खालच्या मणक्यांतून, कूर्चेच्या पातळ पडद्यातून जे झिरपेल त्यावर. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी थोडं थोडं बाहेर जातं आणि रात्री आडवं पडलं की ती ते पुन्हा शोषून घेते. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. घरी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून खूण करून बघा, पटेल.

१९९९ साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत बारीक दाबमापक घालून तो दिवसभर जे जे करतो त्या प्रत्येक वेळचा दाब मोजला. ताठ उभं असताना जेवढा दाब, त्याच्या दुपटीहून जास्त नुसतं पुढे वाकल्यावर. वीस किलोंचं ओझं पाठ वाकवून उचललं तेव्हा तो उभं राहतानाच्या साडेचार पटींवर गेला, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे दहापट! तेच ओझं अंगालगत धरलं की दाब निम्म्यावर आला. जिवंत, पाणीदार गादी हे सगळं सोसते, आणि रात्री स्वतःला पुन्हा भरून घेते. तिला हवी असते फक्त ती रात्र.

दुखायला लागलं की एमआरआय होतो, ‘गादी सरकली’ असं कानावर पडतं आणि माणूस हबकतो. पण काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय तपासले तेव्हा विशीतल्याही सुमारे ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात तर ८० टक्क्यांहून जास्त. नुसतं चित्र म्हणजे आजार नव्हे. आणखी विलक्षण गोष्ट: गादीतून बाहेर आलेला तुकडा शरीर परका समजतं, पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात आणि पुष्कळदा काही महिन्यांत तो जिरवून टाकतात. तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितकी तो जिरण्याची शक्यता जास्त.

उपचारांचं शहाणपण इथूनच येतं. साधी कंबर-मान बहुधा काही आठवड्यांत बरी होते. महिनाभर खाटेवर पडून राहणं वाईट, कारण हालचाल थांबली की स्नायू ढिले पडतात. शेक, सोसेल तेवढं चालणं, फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम हा खरा उपचार. वेदनाशामक गोळी थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारून. उन्हात, कमी पाण्यावर राबणाऱ्याने रोज घेतली तर मूत्रपिंडाला धोका. पट्टा आणि कॉलर कायमचे नकोत. नस दाबली जाऊन पायात कळ जात असेल आणि ती आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार.

पण भलतीच शस्त्रक्रिया नको. २०१९ सालच्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक होती. पण बायांनो, कंबरदुखीसाठी पिशवी काढा असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय होकार देऊ नका. गादी आणि स्नायूंचं दुखणं पिशवी काढून जात नाही. तिच्यासोबत अंडाशयही गेले तर हाडं लवकर ठिसूळ होतात.

काही खुणा मात्र थांबू देत नाहीत. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, हातातून वस्तू निसटू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी जवळचं मोठं सरकारी रुग्णालय गाठा. पाठदुखीसोबत बारीक ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि तो बरा होतो.

आणि मुकादमांना, कारखान्यांना एक मागणं: मोळी हलकी बांधू द्या, रात्रीची भरणी कमी करा, आणि कंबर धरून बसलेल्या माणसाचा खाडा धरू नका.