एक शब्द गेला, साइट बसली

१४ मार्च २०२३. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून तिथं हा दिवस ३/१४ होतो आणि गणिताचे शौकीन तो 'पाय दिवस' म्हणून साजरा करतात. नेमक्या त्याच दिवशी रेडिट ही गप्पांची प्रचंड मोठी साइट बंद पडली. ती बंद राहिलेली मिनिटं मोजली, तर भरली ३१४. कुणी ठरवून जुळवलं असतं तरी इतकं चपखल बसलं नसतं.

कुणी हल्ला केला नव्हता, कुठल्या डेटा सेंटरला आग लागली नव्हती. रेडिटचे इंजिनिअर एक नेमाचं काम करत होते. त्यांची यंत्रणा कुबरनेटिस नावाच्या मुक्त साधनावर चालते. त्याची १.२३ ही आवृत्ती काढून ते १.२४ चढवत होते. चढवली, आणि काही मिनिटांतच सगळं ठप्प. पुढे कारण शोधता शोधता गाडी एका शब्दापाशी येऊन थांबली. तो शब्द होता 'मास्टर'.

हा शब्द इतका महागात का पडला, ते कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आजचं एखादं मोठं ॲप म्हणजे एकच प्रोग्राम नसतो. लॉगिनचा एक तुकडा, पैसे भरण्याचा दुसरा, फोटो दाखवण्याचा तिसरा, असे कितीतरी तुकडे भाड्याच्या संगणकांवर एकाच वेळी चालत असतात. त्या भाड्याच्या संगणकांना आपण क्लाउड म्हणतो. प्रत्येक तुकडा त्याच्या सगळ्या सामानासकट एका पेटीत बांधायचा, म्हणजे कुठल्याही मशीनवर तो सारखाच चालेल, ही युक्ती २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने घरोघरी पोचवली. न्हावाशेव्याच्या बंदरात पेटीत कांदा आहे की यंत्राचे सुटे भाग, हे क्रेनला बघावं लागत नाही. पेटीचं माप ठरलेलं, उचलायची आणि ठेवायची. सॉफ्टवेअरच्या पेट्यांनाही कंटेनरच म्हणतात, ते यामुळेच.

पेट्या हजारांवर गेल्या की कुठली कुठं ठेवायची, एखादी फुटली तर बदली कधी आणायची, गर्दी वाढली की किती वाढवायच्या, हे बघणारं कुणीतरी हवं. ते काम कुबरनेटिसचं. गूगलमध्ये जन्मलेलं हे साधन २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि पुढे त्याचा कारभार क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेला. नाव ग्रीक आहे. अर्थ, सुकाणू धरणारा. कोकणातल्या होडीवर जो तांडेल असतो, तोच हा.

हा तांडेल फुकट मिळतो, पण स्वस्थ बसू देत नाही. त्याच्या वर्षाला तीन नव्या आवृत्त्या येतात. पूर्वी चार यायच्या, पण त्या वेगाने सगळ्यांचीच दमछाक होऊ लागली, म्हणून २०२१ मध्ये एक कमी केली. प्रत्येक आवृत्तीला साधारण चौदा महिने दुरुस्त्या मिळतात, त्यानंतर ती ज्याची त्याने सांभाळायची. मधली पायरी गाळून उडी मारता येत नाही. आणि एकदा वर चढल्यावर खाली उतरण्याचा अधिकृत जिना नाही.

मग जुन्याच आवृत्तीवर बसून राहिलं तर? राहता येतं, पण त्याचं भाडं पडतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर कुबरनेटिस चालवायचं, तर मुदतीत असलेल्या आवृत्तीच्या एका क्लस्टरला, म्हणजे एकत्र बांधलेल्या मशीनच्या संचाला, तासाला दहा सेंट पडतात. मुदत उलटली की तेच साठ सेंट होतात. काम तेवढंच, दर सहापट. रेडिटच्या बाबतीत १.२३ ची मुदत फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस संपली होती. पुढची पायरी चढणं भागच होतं.

बदल अचानक अंगावर येऊ नयेत याची कुबरनेटिसवाले काळजी घेतात. एखादी गोष्ट काढायची असेल, तर आधी ती 'डेप्रिकेट' केली जाते. म्हणजे आज चालते आहे, पण निरोपाची तयारी करा. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी डॉकरशी थेट बोलणारा आपला जुना दुवा डेप्रिकेट केला, तेव्हा अनेकांना वाटलं की डॉकरच बाद झालं. लोक इतके बिथरले की 'घाबरू नका' असं वेगळं निवेदन काढावं लागलं. डॉकरने बांधलेल्या पेट्या पुढेही चालणारच होत्या, फक्त त्या उचलणारा हात बदलणार होता. तो दुवा प्रत्यक्षात निघाला मे २०२२ मध्ये, म्हणजे दीड वर्षाने. आणि निघाला तो याच १.२४ मध्ये.

'मास्टर'चंही असंच झालं. क्लस्टरमधली काही मशीन बाकीच्यांवर देखरेख ठेवतात. त्यांच्यावर 'मास्टर' असं लेबल असायचं. मालक-गुलामाची आठवण करून देणारे शब्द टाळायचे, असं सॉफ्टवेअरच्या जगात ठरत गेलं, तेव्हा कुबरनेटिसने १.२० पासून त्यांच्यासाठी 'कंट्रोल प्लेन' हे लेबल आणलं. काही आवृत्त्या दोन्ही लेबलं शेजारी शेजारी नांदली. १.२४ ने जुनं काढून टाकलं, चालू क्लस्टरमधूनसुद्धा.

मुंबईत बोरीबंदर म्हटलं तरी टॅक्सीवाला सीएसएमटीलाच सोडतो. संगणकाला एवढी समज नसते. रेडिटच्या या क्लस्टरमध्ये कुठल्या मशीनकडे कुठल्या वाटेनं जायचं, हे बाकीच्यांना सांगणारी मोजकी मशीन होती. ही मशीन कुठली, ते ओळखण्याची खूण होती 'मास्टर' हे लेबल. अपडेटनंतर त्या नावाचं एकही मशीन उरलं नाही. वाटाडेच गायब झाले आणि सगळ्या वाटा एकदम पुसल्या गेल्या.

हे इंजिनिअरांच्या ध्यानात आधी का आलं नाही? कारण ती मांडणी काही वर्षांपूर्वीच्या चमूने केलेली होती, आणि ज्यांना तिच्याबद्दल ठाऊक होतं ते सगळे दुसऱ्या कामांवर किंवा दुसऱ्या कंपन्यांत निघून गेले होते. कारण सापडेना, तेव्हा साठवलेल्या प्रतीवरून क्लस्टर पुन्हा उभं करायचं ठरलं. त्यासाठीच्या लेखी सूचना उघडल्या, तर त्या डॉकरच्या जमान्यातल्या निघाल्या. रेडिटने मधल्या काळात डॉकरच्या जागी दुसरं साधन आणलं होतं, सूचना मात्र तशाच राहिल्या होत्या. साइट बंद असताना त्यातली एकेक पायरी नव्याने बसवावी लागली. ही सगळी हकिगत रेडिटच्या इंजिनिअरांनी नंतर स्वतःच, काहीही न झाकता, लिहून जाहीर केली.

अपडेट नेहमी कोडचंच असतं असंही नाही. कधी कोडचं अक्षरही बदलत नाही, बदलतो तो परवाना. टेराफॉर्म हे याच व्यवसायातलं दुसरं मोठं साधन. किती सर्व्हर हवेत, कुठलं नेटवर्क, कुठला डेटाबेस, हे एका फाइलमध्ये लिहून द्यायचं आणि टेराफॉर्म ते उभं करून देतं. हॅशिकॉर्प या कंपनीने ते २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलं होतं. १० ऑगस्ट २०२३ रोजी कंपनीने जाहीर केलं की पुढच्या आवृत्त्यांना नवा परवाना लागू होईल. कोड वाचता येईल, आपापल्या कामासाठी वापरताही येईल, पण त्यावर कंपनीशी स्पर्धा करणारं उत्पादन विकता येणार नाही.

आधीच्या आवृत्त्यांवर जुना मुक्त परवाना कायम होता. नाराज मंडळींनी तिथूनच वेगळी चूल मांडली. सप्टेंबरमध्ये लिनक्स फाउंडेशनने या नव्या घराला आसरा दिला, त्याचं नाव ठरलं ओपनटोफू, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. वेगळं झाल्यावर घरांच्या रीतीही वेगळ्या होतात. कुठं काय उभं आहे याची नोंदवही टेराफॉर्म एका फाइलमध्ये ठेवतं आणि तीत पासवर्डही असू शकतात. ती वही कुलूपबंद करण्याची सोय वापरणारे कितीतरी वर्षं मागत होते. ओपनटोफूने ती एप्रिल २०२४ मध्ये, १.७ या आवृत्तीत दिली. त्याच महिन्यात आयबीएमने हॅशिकॉर्प ६४० कोटी डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर केलं.

परवाना तसाच राहिला आणि कोड वापरणारेही भरपूर असले, तरी साधन संपू शकतं. कारण ते सांभाळणारी माणसं संपतात.

इनग्रेस एनजिनएक्स हे कुबरनेटिसचं प्रवेशद्वार म्हणून जगभर बसवलं गेलेलं साधन. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी त्याच्या हाती पडते, मग ते ती योग्य पेटीकडे धाडतं. मार्च २०२५ मध्ये त्यात १० पैकी ९.८ गुणांची, म्हणजे जवळपास टोकाच्या गंभीरतेची, एक फट सापडली. आतल्या नेटवर्कपर्यंत पोचलेल्याला पासवर्डशिवाय अख्खं क्लस्टर ताब्यात घेता येईल, अशी. ती बुजवली गेली. पण इतकी वर्षं या दाराची राखण करत होते जेमतेम एक-दोन जण, तेही आपापली नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. मदतीसाठी हाका घालून झाल्या. त्याची जागा घेणारं दुसरं साधन लिहायला घेतलं, तेही माणसांअभावी अर्ध्यावर राहिलं. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढी डागडुजी होईल, त्यानंतर एकही दुरुस्ती नाही. सगळ्यांनी गेटवे एपीआय या नव्या पद्धतीकडे किंवा दुसऱ्या एखाद्या दाराकडे वळावं.

या निवृत्तीतली खोच अशी की मुदत संपली म्हणून काहीही बंद पडत नाही. बसवलेली दारं पूर्वीसारखीच उघडत-मिटत राहतात, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. आपल्याकडे हे दार आहे की नाही, हे ज्याचं त्याला शोधावं लागतं. म्हणून निवृत्तीच्या घोषणेतच एका ओळीची आज्ञा दिली होती. ती चालवली की क्लस्टरमधल्या सगळ्या पेट्या धुंडाळल्या जातात आणि हे साधन कुठं दडलं असेल तर सापडतं. हा शोधही लेबल वाचूनच घेतला जातो.