सामायिक कप्प्याच्या किल्ल्या

मीरा-भाईंदरमधील एखाद्या शाळेचे दहा शिक्षक ई-मेलचा एकच सामायिक फोल्डर, म्हणजे कप्पा, वापरतात असे समजू. पालकांची पत्रे सर्वांना वाचता यावीत. पण एकाच्या चुकीने ती नाहीशी होऊ नयेत. हे कसे साधावे?

बहुधा सर्वांना एकच पासवर्ड दिला जातो. मग पत्र कोणी पुसले, हे कळतच नाही.

त्याऐवजी सर्व्हरवर प्रत्येक कप्प्याची अधिकारांची यादी ठेवता येते. ‘आयमॅप’ पद्धतीसाठी अशा यादीचे नियम १९९७ मध्ये ठरले. त्यांत पुसण्याचा अधिकार एकच होता. २००५ मध्ये त्याचे तीन भाग झाले : पत्रावर ‘पुसावे’ अशी खूण करणे, खूण केलेली पत्रे कायमची काढणे आणि सबंध कप्पाच काढणे. खूण मागे घेता येते. पुढच्या दोन्ही गोष्टी नाहीत.

म्हणून आम्ही असे सुचवू : शिक्षकांना वाचण्याचा व खूण करण्याचा अधिकार द्यावा. कायमचे काढणे आणि यादी बदलणे मुख्याध्यापकांकडे असावे. शिक्षकाची बदली झाली, की यादीतले एक नाव खोडावे. इतर नऊ जणांची किल्ली बदलावी लागत नाही.

प्रयोगशाळेच्या कपाटासाठी अशीच यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्या; तत्त्व चटकन समजेल.