क्लच प्लेटचे आणि तेलाचे कल्पित वैर

मोटरसायकलला नवी क्लच प्लेट बसवताना गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर येते : "प्लेट कोरडीच टाका, तेल लागले की क्लच घसरतो." काही ठिकाणी तर कोऱ्या प्लेटा पेट्रोलने धुऊन, फडक्याने पुसून मग बसवतात. आणि ज्या कप्प्यात त्या बसवल्या, त्याच कप्प्यात दहा मिनिटांनी लिटरभर इंजिन ऑईल ओततात. तेलाने प्लेट बिघडत असती, तर रस्त्यावरची जवळपास एकही मोटरसायकल जागची हलली नसती.

हा समज मोटारीकडून आलेला आहे. मोटारीच्या नेहमीच्या क्लचमध्ये फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये एकच मोठी, कोरडी प्लेट असते. क्रँकचे ऑईल सील गळून तिच्यावर तेल आले की ती खरोखर कामातून जाते. स्प्लेंडर, पल्सर, युनिकॉर्न या गाड्यांचा क्लच मात्र 'वेट मल्टिप्लेट' जातीचा, म्हणजे तेलात चालण्यासाठीच घडवलेला. ओल्या पृष्ठभागाची पकड कोरड्यापेक्षा बरीच कमी, घर्षणांक साधारण ०.१ ते ०.१५. आखणी करणाऱ्याने ही उणीव आधीच हिशेबात धरलेली असते, म्हणून तर एका प्लेटेऐवजी चार-पाच फ्रिक्शन प्लेटा आणि त्यांच्यामध्ये पोलादी प्लेटा येतात. पाच फ्रिक्शन प्लेटा म्हणजे पकडणारे दहा पृष्ठभाग. फ्रिक्शन मटेरियल सच्छिद्र असते. ते तेल पिते, स्प्रिंगचा दाब आला की जादा तेल खाचांतून बाहेर पडते आणि जाताना उष्णताही घेऊन जाते.

कोरड्या प्लेटेचे नेमके इथेच नुकसान होते. स्प्रिंगांनी चेपलेल्या प्लेटांच्या मधोमध तेल लगेच शिरत नाही. अशात गाडी हाफ क्लचवर चढ चढली की फ्रिक्शन मटेरियलवर काचेसारखी चकाकी येते, पोलादी प्लेटेवर निळे डाग पडतात. पुढे क्लच घसरू लागला की दोष कोणाला? पुन्हा तेलालाच! होंडा आणि यामाहा यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जोडणीच्या वेळी फ्रिक्शन प्लेटेला इंजिन ऑईल लावण्याची सूचना स्पष्ट छापलेली असते. ती पाने उघडून पाहायला कोणाची हरकत नाही. इंजिनात जे तेल जाणार तेच थाळीत घेऊन नव्या प्लेटा रात्रभर बुडवून ठेवाव्यात. सकाळी नुसत्या निथळू द्याव्यात, पुसू नयेत.

अपवाद आहेत. डुकाटीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा क्लच कोरडा होता. गिअर नसलेल्या स्कूटरच्या बेल्टजवळचा क्लचही कोरडाच चालतो; त्याच्या शूला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये. स्कूटरचा हा नियम मोटरसायकलला लावणे मात्र चुकीचे.

तेलामुळे क्लच घसरतो तेव्हा बहुधा ते तेल चुकीचे असते. मोटारीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने मुद्दाम घातलेली असतात. त्यासाठीच जपानमध्ये १९९८ साली जासो टी-९०३ हे मानक आले. डब्यावर 'एमए', 'एमए-१' किंवा 'एमए-२' असेल तर ते तेल ओल्या क्लचला चालते. 'एमबी' असेल तर ते स्कूटरसाठी.

दुसरा गैरसमज बोल्टचा : जितका आवळावा तितका पक्का. स्प्रिंग दाबणारे बोल्ट बहुधा सहा मिलिमीटरचे असतात आणि त्यांचे आटे ॲल्युमिनियमच्या खांबात असतात. त्यांना साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाचेक किलोंचा जोर. दोन हातांनी रेटले की आटे जातात किंवा खांबच मोडतो, आणि शंभराच्या कामाला अख्ख्या क्लच सेंटरचा खर्च येऊन चिकटतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. एकच बाजू आधी गच्च केली की प्रेशर प्लेट तिरकी बसते.

बाकीचे समज थोडक्यात. मधला नट छिन्नी-हातोड्याने फिरवला तरी चालतो : नाही, नटाचे कोपरे जातात आणि हादरा बेअरिंगला बसतो, क्लच धरण्याचे हत्यार त्यासाठीच मिळते. पोलादी प्लेटा कधी बदलाव्याच लागत नाहीत : सपाट काचेवर ठेवून फीलर गेज सरकवावा, वाकलेली प्लेट लगेच कळते. स्प्रिंग एखादी बदलली तरी पुरते : लांबी मोजून सगळा संच एकदम बदलावा. जुने पॅकिंग स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावे : केसिंगवर ओरखडा पडतो आणि तिथूनच तेल झिरपते.

शेवटचा समज केबलचा : ताणून बसवली की क्लच 'कडक' लागतो. बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढिलाई सांगितलेली असते. ती शून्यावर आणली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, आणि मग रात्रभर तेलात भिजवलेली प्लेटही जळते.