किक-ऑफ मीटिंग: पिंपरीची दोन उदाहरणं

नव्या फीचरच्या किक-ऑफ मीटिंगला आधी ग्राहक, किंमत आणि 'काय करायचं नाही' हे फळ्यावर लिहावं. खरेदी आणि सर्व्हिसवाल्यांनाही पहिल्याच दिवशी बोलवावं.

याचं पहिलं उदाहरण पिंपरीतल्या टाटा मोटर्सच्या इंडिका कारचं; ती १९९८ मध्ये आली. रतन टाटांची अपेक्षा मोजक्या शब्दांत होती: मारुती झेनएवढा आकार, अँबॅसिडरसारखी ऐसपैस जागा, मारुती ८०० च्या आसपास किंमत. अशी कसोटी असली की विभागांमधले वाद लवकर मिटतात.

टाटा मोटर्सच्याच 'एस' या छोट्या मालवाहू गाडीची गोष्ट त्याहून सरस! प्रकल्पप्रमुख गिरीश वाघ यांचा चमू आधी तीनचाकी टेम्पोवाल्यांकडे गेला. चारचाकी असली की चांगलं स्थळ मिळतं, हेही तिथेच कळलं. मग इंडिकाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन निम्मं करून ७०२ सीसीचं केलं आणि २००५ मध्ये एस, म्हणजेच 'छोटा हत्ती', रस्त्यावर आला.