पद, किताब आणि आडनाव : मराठेशाहीतील सरदार घराण्यांची ओळख

ऐतिहासिक पत्रे आणि बखरी वाचताना प्रतिनिधी, सेनासाहेब सुभा, समशेर बहाद्दर, फडणीस असे शब्द तुम्हांला वारंवार भेटतील. त्यांतील काही शब्द पदवाचक आहेत, काही सन्मानदर्शक किताब आहेत, तर काही आज केवळ आडनावे म्हणून उरले आहेत. हा फरक ध्यानी आला नाही, तर पत्राचा अर्थ निसटतो. म्हणून पद, किताब आणि आडनाव यांचे नाते या भागात आपण समजून घेऊ.

१. पद म्हणजे कर्तव्य

१६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावे दिली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव आणि सरनौबत सेनापती झाला. हे शब्द कामाचे निदर्शक होते. पद बापाकडून मुलाकडे गेलेच पाहिजे, असा नियम नव्हता.

२. पदाचे वतन होते

पुढे छत्रपती राजाराम महाराज जिंजीस गेले. मोगलांशी चाललेल्या त्या संघर्षात माणसे जोडून ठेवण्यासाठी वतने आणि सरंजाम देणे भाग पडले. सरंजाम म्हणजे लष्करी चाकरीच्या मोबदल्यात लावून दिलेले मुलखाचे उत्पन्न. याच काळात प्रल्हाद निराजी यांच्यासाठी प्रतिनिधी हे नवे पद निर्माण झाले. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद दिले आणि ते १८१८ पर्यंत भट घराण्यातच राहिले. तळेगावच्या दाभाड्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढताना पडले. तरीही शाहू महाराजांनी सेनापतिपद त्यांचे बंधू यशवंतराव यांस, म्हणजे त्याच घराण्यात दिले. पद आता घराण्याचा हक्क मानले जाऊ लागले होते. प्रतिनिधींचे औंध आणि सचिवांचे भोर ही संस्थाने याच प्रक्रियेतून आकारास आली.

ही प्रक्रिया केवळ आपल्याकडेच घडली असे नाही. स्कॉटलंडमध्ये राजाच्या घरातील प्रमुख कारभाऱ्याचे, म्हणजे स्ट्यूअर्डचे पद बाराव्या शतकात एका घराण्याकडे वंशपरंपरेने आले. त्या पदावरूनच स्ट्यूअर्ट हे आडनाव रूढ झाले आणि १३७१ मध्ये ते घराणे सिंहासनावर बसले. पेशव्यांच्या हातीही सत्ता एकवटली. परंतु त्यांच्या शिक्क्यांत छत्रपतींचे नाव आधी आणि पंतप्रधानाचे नंतर, हा क्रम राहिला.

३. किताब आणि त्याचे वजन

पदाखेरीज पराक्रमाबद्दल किताब मिळत. गायकवाडांचा समशेर बहाद्दर आणि घोरपड्यांचा हिंदुराव हे असे किताब होत. काही मानपदे मोगल बादशहाकडूनही येत. महादजी शिंदे यांनी बादशहाकडून मिळवलेले वकील-इ-मुतलक हे पद १७९२ मध्ये पुण्यात समारंभपूर्वक सवाई माधवरावांस अर्पण केले. स्वतःस मात्र ते पाटील म्हणवीत. उत्तरेत फौजा हलवणाऱ्या सरदाराने गावकीतील पदाची ओळख मिरवावी, यामागे राजकीय चातुर्य होते. पत्रात व्यक्ती स्वतःचा उल्लेख कसा करते, हेही म्हणूनच अभ्यासावे.

४. चाकरी गेली, मान उरला

१८१८ मध्ये पेशवाई संपली. एल्फिन्स्टन यांनी अनेक सरदारांचे उत्पन्न आणि मान राखण्याचे धोरण ठेवले. पुढे दख्खनच्या सरदारांचे वर्ग ठरले आणि त्यांच्या दाव्यांसाठी पुण्यात स्वतंत्र एजंट नेमला गेला. ज्या लष्करी चाकरीसाठी सरंजाम होता, ती चाकरीच संपली होती; दरबारातील आसनाचा क्रम तेवढा उरला. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १८ ने लष्करी आणि शैक्षणिक बहुमान वगळता किताब देण्यास शासनाला मनाई केली. १९५२ च्या नियमांनी मुंबई राज्यातील सरंजामही संपुष्टात आणले.

५. आज काय उरले?

पुण्याच्या रास्ता पेठ, घोरपडे पेठ या नावांत सरदार घराणी उरली आहेत. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस या आडनावांत पदे उरली आहेत. मात्र हे आडनाव धारण करणाऱ्याचा दप्तराशी संबंध असेलच असे नाही. एखादे घराणे थोर होते असे वाचनात आले, की त्याच्याकडे कोणते काम होते, ते कोणी केले आणि ते थांबल्यावरही मान कोणाच्या बळावर टिकला, हे तीन प्रश्न विचारा. जन्माने मिळालेला मान आणि कामाने मिळवलेला मान यांतील भेद त्यांतून स्पष्ट होईल.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. पद आणि किताब यांतील फरक सोदाहरण सांगा.
२. तुमच्या परिसरातील एखादे पदवाचक आडनाव निवडून त्यामागील मूळ काम शोधा आणि दहा ओळींत लिहा.