सेमिस्टर बोलोन्यात

पदवी आपल्याच विद्यापीठाची घ्यायची, पण तिचे एक सेमिस्टर दुसऱ्या देशात शिकायचे, ही सोय युरोपात ‘इरॅस्मस’ या नावाने चालते. १९८७ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी बाहेर पडले. पुढे प्रशिक्षणार्थी, शिक्षक असे इतरही तिच्या कक्षेत आले आणि आजवर तिचा लाभ घेतलेल्यांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली. जायला शहरे शेकड्यांनी आहेत. पण परदेशी विद्यार्थी सांभाळण्यात उत्तर इटलीतल्या बोलोन्याइतके मुरलेले शहर क्वचितच सापडेल.

बोलोन्याचे विद्यापीठ १०८८ सालचे मानतात. हे साल एकोणिसाव्या शतकात, आठशेव्या वर्धापनाचा सोहळा करायचा म्हणून कवी जोस्वे कार्दुच्ची यांच्या समितीने ठरवले; त्यामुळे ते फार काटेकोर धरू नये. विद्यापीठ जुने आहे आणि सुरुवातीपासून परक्यांचे आहे, एवढे मात्र खरे. रोमन कायदा शिकायला आल्प्सपलीकडून मुले येत. गावात त्यांना नागरिकांचे हक्क नसत, एखाद्या देशबांधवाने कर्ज बुडवले तर वसुलीसाठी त्यांनाच धरत. बाराव्या शतकाच्या मध्यात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने या प्रकाराला कायद्याने मनाई केली. पुढे विद्यार्थ्यांनी आपापल्या मुलखांनुसार संघ बांधले, आपल्यातूनच रेक्टर निवडला आणि प्राध्यापकांवरही वचक ठेवला. तास उशिरा सुरू केला तर दंड प्राध्यापकाला! घरभाड्याचा आकडाही मालकाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. नागरिक आणि विद्यार्थी अशा दोन्ही बाजूंचे लोक बसून तो ठरवत.

एवढी जुनी परंपरा असूनही विसाव्या शतकात परदेशी शिक्षणाची किंमत कागदावर शून्य धरली जात होती. रोममधल्या सोफिया कोरादी या कायद्याच्या विद्यार्थिनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतले. परतल्यावर तो अभ्यास आपल्या पदवीत धरावा, असा अर्ज तिने केला, तेव्हा रोमच्या विद्यापीठाने साफ नकार दिला. कोरादी पुढे शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. परदेशातला अभ्यास मायदेशी मान्य व्हावा, असे टिपण त्यांनी १९६९ मध्ये लिहिले आणि नंतरची कितीतरी वर्षे त्याचा पाठपुरावा केला. इरॅस्मसचे मूळ या टिपणात आहे.

योजनेचा खरा कणा शिष्यवृत्ती नाही, क्रेडिटचा हिशेब आहे. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट, सेमिस्टरचा ३०. इटलीत एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ तासांचे काम. सहा क्रेडिटचा विषय घेतला तर १५० तास झाले. मानव्यविद्यांत त्यांतले साधारण ३० तास वर्गातले, बाकीचे ग्रंथालयात आणि खोलीवर. १९९९ मध्ये याच शहरात २९ देशांच्या प्रतिनिधींनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि पदव्यांची रचना व क्रेडिटची पद्धत एकमेकांशी जुळवून घ्यायचे ठरवले. ही सगळी प्रक्रिया आता बोलोन्याच्याच नावाने ओळखली जाते.

विद्यार्थ्याच्या बाजूने कामाला सुरुवात होते ती ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ या कागदापासून. बाहेर कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात घरच्या अभ्यासक्रमातले कोणते विषय सुटणार, हे त्यात लिहायचे. विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि घेणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या. यजमान विद्यापीठ शिकवणी फी घेत नाही, घरची फी मात्र भरत राहावी लागते. महिन्याचे अनुदान देशातल्या महागाईच्या मानाने ठरते, पण ते खर्चाला हातभार म्हणून असते, पूर्ण पोसायला नव्हे. ज्यांच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत ते मागे राहतात, ही योजनेवरची जुनी टीका आहे, आणि ती अजून पुरती खोटी ठरलेली नाही. कागदावर जुळवलेले विषयही तिथे गेल्यावर हमखास हलतात. एखादा विषय नेमका दुसऱ्या सेमिस्टरला असतो, दोन तासांची वेळ एकच निघते. म्हणून कराराला बदलाचा वेगळा भाग ठेवलेला आहे, आणि जवळपास प्रत्येकाला तो भरावा लागतो.

बोलोन्यात उतरल्यावर पहिली लढाई खोलीची. शहराची वस्ती चार लाखांच्या आत, आणि विद्यापीठात ऐंशी हजारांहून अधिक विद्यार्थी. त्यांतले काही चेझेना, फोर्ली, राव्हेन्ना, रिमिनी इथल्या संकुलांत विखुरले, तरी मोठा भार बोलोन्यावरच पडतो. जाहिरातींत ‘पोस्तो लेत्तो’ म्हणजे दुसऱ्याबरोबरच्या खोलीत फक्त एक पलंग. पुण्यातल्या ‘कॉट बेसिस’चा हा इटालियन भाऊ. स्वतंत्र खोली महाग, आणि सप्टेंबरात आलेल्याला तीही मिळेलच असे नाही. खोली न पाहता आगाऊ पैसे पाठवणाऱ्यांना गंडा घालणारेही हंगामात फिरत असतात. नोंदणी केलेला भाडेकरार मागणे हा त्यावरचा साधा उपाय.

जागेची ही टंचाई शहराच्या रूपातच दिसते. मध्ययुगात माणसे आणि विद्यार्थी वाढले, तशी घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली लाकडी खांब दिले. १२८८ च्या कायद्याने असे आच्छादित ओटे, म्हणजे पोर्तिको, नव्या घरांना सक्तीचे केले; उंची इतकी हवी की घोडेस्वार खालून जाऊ शकेल. ते सारे पोर्तिको जोडले तर लांबी ६२ किलोमीटर भरते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. पावसात छत्री न उघडता गावभर हिंडता येते, ते त्यांच्यामुळेच.

पहिले सेमिस्टर सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत चालते, परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत. तास नऊचा म्हटला तरी तो सव्वानऊला सुरू होतो. पंधरा मिनिटांची ही सवलत ‘शैक्षणिक पाव तास’ म्हणून सर्वमान्य आहे. ज्या गावात उशिरा येणाऱ्या प्राध्यापकाला दंड होई, तिथे आता उशीर वेळापत्रकातच बसला आहे. शिकवण्याची भाषा बहुतेक ठिकाणी इटालियन, इंग्रजीतले अभ्यासक्रमही बरेच. विद्यापीठाचे भाषा केंद्र पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग घेते.

खरी नवलाई परीक्षेची. इटलीत अनेक विषयांची परीक्षा तोंडी असते, आणि ती बंद दाराआड होत नाही. परीक्षेच्या तारखेला आधी ऑनलाइन नाव नोंदवायचे, ठरलेल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचे आणि पुकारा झाला की प्राध्यापकांच्या समोरच्या खुर्चीवर जायचे. मागच्या बाकांवर बाकीचे ऐकत असतात. पुढच्या तारखेची तयारी म्हणून मुद्दाम येऊन बसणारेही असतात. काही प्राध्यापक पहिला विषय विद्यार्थ्यालाच निवडू देतात, मग त्याच्यावरून प्रश्न सरकत भलतीकडे जातात. पाठ केलेले दोन मिनिटांत संपते. शेवटी गुण तिथल्या तिथे सांगितले जातात: ३० पैकी १८ म्हणजे पास, आणि उत्तम जमले तर ३० ‘लोदे’सह, म्हणजे विशेष गौरवाने. गुण मनासारखे नसतील तर ते नाकारून पुन्हा बसता येते. लेखी पेपर आणि गुणपत्रिकेच्या निकालाला सरावलेल्या मुलांना ही देवघेव आधी भांबावून टाकते, पण बोलताना विचार करण्याची शिस्त त्यांना लागते ती याच खुर्चीवर.

उरलेले शिक्षण गावात होते. व्हिया झांबोनी या विद्यापीठाच्या रस्त्यावर दिवसा ग्रंथालये भरतात आणि संध्याकाळी चौक. शाकाहारी विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बोलोन्याच्या ‘तोर्तेल्लीनी’त डुकराचे मांस असते आणि त्या मांसाच्या सारात वाढतात, तर आकाराने मोठ्या ‘तोर्तेल्लोनी’त सहसा रिकोत्ता चीज आणि पालेभाजी. नावात एका स्वराचा फरक, ताटात जमीन-अस्मानाचा. पदवी घेण्याआधी ९७ मीटर उंचीच्या आझिनेल्ली बुरुजावर चढू नये, नाहीतर पदवी मिळत नाही, असाही समज आहे. शेजारच्या झुकलेल्या गारिसेंडा बुरुजाची चिंता वाढल्याने २०२३ पासून आझिनेल्लीही बंद आहे. तेव्हा सध्या नियम मोडायची सोयच नाही.

युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला कागदपत्रांचा एक जादा थर पार करावा लागतो. आधी राष्ट्रीय व्हिसा. पोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत निवासपरवान्याचा अर्ज, तोही पोस्टातून. शिवाय ‘कोदिचे फिस्काले’ हा करक्रमांक, कारण भाडेकरारापासून अनेक व्यवहारांत तो मागतात. भारतातून असे सेमिस्टर करायचे असेल तर इथल्या आणि तिथल्या विद्यापीठात करार असावा लागतो. इरॅस्मसचे हे दार युरोपबाहेरच्या भागीदार देशांना २०१५ पासून उघडले. पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी असलेली इरॅस्मस मुंडस ही शिष्यवृत्ती वेगळी. ती २००४ पासून आहे आणि भारतीय विद्यार्थी तिच्यावर मोठ्या संख्येने जातात. क्रेडिट साठवून एका संस्थेतून दुसरीकडे नेण्याची तरतूद भारतात ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या रूपाने २०२१ मध्ये आली.

सेमिस्टर संपल्यावर बोलोन्या गुणपत्रक पाठवते, आणि मग घरच्या विद्यापीठात त्याचे रूपांतर होते. इथे घोटाळ्याला वाव असतो. ३० पैकी २८ म्हणजे त्रैराशिकाने ९३ टक्के. पण काही विभागांत २८ ही पुष्कळांना मिळणारी श्रेणी असते, तर अन्यत्र ९३ टक्के एखाद्यालाच. म्हणून गुणांची सरळ टक्केवारी न काढता, त्या विषयात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळते, याचे कोष्टक सोबत देण्याची पद्धत आली. त्यावरून घरच्या श्रेणीतली जागा ठरते. करारात लिहिलेले आणि उत्तीर्ण झालेले क्रेडिट नाकारायचे नाहीत, असा नियम आहे. करारात नसलेला विषय हौसेने घेतला असेल, तर तो पदवीत धरायचा की नाही, हे घरचा विभाग ठरवतो.