मनोरुग्णाचा कैवार व मनोरुग्णाचा शब्द

दुसऱ्याच्या वतीने बोलणे आणि दुसऱ्यास बोलण्यास साहाय्य करणे, या दोन भिन्न गोष्टी होत. मानसिक उपचार घेणाऱ्या व्यक्तींच्या कैवाराचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. शारीरिक व्याधीने पीडित झालेल्या माणसाचे गाऱ्हाणे त्या व्याधीमुळे अविश्वसनीय ठरत नाही. मनाच्या व्याधीत मात्र गाऱ्हाणे हेच व्याधीचे लक्षण मानले जाण्याचा धोका असतो.

या धोक्याची जाणीव प्रथम झाली ती स्वतः रुग्णांसच. इंग्लंडचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचे पुत्र जॉन पर्सिव्हल यांस १८३१ ते १८३४ या काळात वेड्यांच्या खाजगी इस्पितळांत ठेवण्यात आले होते. तेथील अनुभव त्यांनी १८३८ व १८४० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आणि १८४५ मध्ये ‘अलेज्ड ल्युनॅटिक्स फ्रेंड सोसायटी’ ही संस्था स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. कोंडून ठेवलेल्यांची दाद लावणे व कायद्यात सुधारणा घडविणे, असे तिचे दुहेरी कार्य होते.

भारतात १९१२ व १९८७ च्या कायद्यांचा भर मुख्यतः रुग्णास दाखल करण्याच्या व ठेवण्याच्या पद्धतीवर होता. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारास भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्या करारास अनुसरून झालेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अंमलात आला. रुग्णासही निर्णयक्षमता असू शकते, हे त्याचे गृहीतकृत्य होय. पुढे आजार बळावल्यास कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे सज्ञान व्यक्तीस आगाऊ लिहून ठेवता येते. तसेच आपला प्रतिनिधी नेमता येतो व ती नेमणूक केव्हाही बदलता येते. विनामूल्य कायदेविषयक साहाय्याचा व सेवेतील उणिवांविषयी तक्रार करण्याचा हक्कही मान्य झाला आहे. पुनर्विलोकन मंडळाच्या रचनेत न्यायाधीश व वैद्य यांच्याबरोबरच रुग्ण, शुश्रूषा करणारे वा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांसाठी दोन जागा आहेत.

तथापि या व्यवस्थेस मर्यादाही आहेत. आगाऊ निदेश तातडीच्या उपचारांस लागू होत नाही. वैद्याच्या किंवा नातलगाच्या अर्जावरून मंडळास तो बदलता वा रद्द करता येतो. रुग्णाने प्रतिनिधी नेमला नसेल, तर ते स्थान प्रथम नातलगाकडे जाते; आणि पुष्कळदा रुग्णाचा मतभेद असतो तो नातलगांशीच! म्हणूनच प्रतिनिधीने रुग्णाच्या पूर्वीच्या व सध्याच्या इच्छा, त्याचा जीवनक्रम व त्याची मूल्ये विचारात घेऊन त्यास निर्णयात साहाय्य करावे, असे कर्तव्य अधिनियमाने सांगितले आहे.

सारांश, कैवाराचे यश कैवाऱ्याच्या वक्तृत्वावरून मोजता येत नाही. रुग्ण स्वतःचे म्हणणे किती मांडू शकला, आणि ते मान्य झाले नाही तरी त्याचे कारण त्यास सांगितले गेले की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय. जेथे कैवारी बोलतो व रुग्ण मूकच राहतो, तेथे केवळ पालक बदललेला असतो.